काकांनी सोडलेली पोरं

काकूंना सिनेमातल्या बायकोचा राग आला तो सगळ्यात आधी तिच्या गप्प बसण्याचा. अख्ख्या सिनेमात ती बाई जेमतेम चार वाक्यं बोलते. बाकी वेळ खिडकीत उभी राहते, लांब कुठेतरी बघते, आणि तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी खाली पडायचं नाव घेत नाही. "म्हणे ही मी!" थेटरातून घरी येईस्तोवर काकू धुमसत होत्या. "मी जन्मात इतका वेळ तोंड मिटून बसलेली नाही. आणि खिडकीत उभं राहायला जागा कुठेय आपल्याकडे? खिडकीत मशीन आहे."

खिडकीत मशीन आहे हे खरंच. पायाचं, जुनं, चाकाशी थोडं कुरकुरणारं. त्यावर काकूंनी आसपासच्या तीन शाळांचे गणवेश शिवत जन्म काढला. घर दुसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मशीन, पलंग आणि टीव्ही. आतल्या खोलीत संसाराचं उरलेलं सगळं. मापं द्यायला कुणी बाई-मुलगी आली की काकांनी पलंगावरून उठून आत जायचं, असा काकूंचा हुकूम होता, आणि काकांनी तो लग्नापासून आजतागायत कधी मोडला नव्हता. हुकूम पाळायचा म्हटलं की काकांचा हात धरणारा माणूस सापडायचा नाही.

काका म्हणजे बसकाका. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. सकाळी पोरं शाळेत सोडायची, दुपारी घरी सोडायची, आणि संध्याकाळी येऊन सांगायचं की आज सगळी पोरं वेळेत सोडली. वर्षानुवर्षं हेच. त्या भागातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या बसमध्ये ओकलेली आहेत. पण बस ही नंतरची. त्याच्या आधी, ऐन तारुण्यात, काका सरकारी गॅरेजमध्ये ड्रायव्हर होते आणि त्यांच्याकडे जाळीची व्हॅन होती. मागचं दार बाहेरून बंद होणारी, खिडक्यांना लोखंडी जाळी लावलेली, ती.

त्या साली कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली होती आणि सरकारचं डोकं फिरलं होतं. एवढं सांगितलं तरी आपल्याकडे पुरतं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना पुढचं ठाऊक असतं आणि ज्यांनी पाहिले नाहीत ते विचारत नाहीत. पकडलेली पोरं गाड्यांत भरून नदीपलीकडे दगडाच्या खाणीत नेली, आणि ती परत आली नाहीत. काकांच्या गाडीतली पण नाहीत. ज्या दिवशी नेली त्या दिवशी काका घरी आले, हात धुतले आणि म्हणाले, "कॉलेजची पोरं सोडून आलो." दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या बाजूने सुरुंगासारखे आवाज आले. खाणीला त्या आठवड्यात सुट्टी होती. काकू तेव्हा नव्यानवेल्या होत्या, बाहेर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी कपडे वाळत घालून पुरे केले, आत आल्या, आणि त्या आवाजांबद्दल नवरा-बायकोत त्या दिवसापासून एक अक्षर झालं नाही.

आणि आता इतक्या वर्षांनी हा सिनेमा.

झालं होतं असं. वरच्या मजल्यावरच्या बाईंचा भाचा परदेशात वाढलेला. सहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर गेला, तो पुढे कधीमधी सुट्टीत यायचा. त्याची भाषा पण सहा वर्षांचीच राहिली होती. दाढीमिशी आलेला बाप्या, पण बोलायला लागला की "मला भूक लागली" आणि "तो मला चिडवतो" याच्या पलीकडे फारसा जायचा नाही. हा एका सिनेमावाल्या बाईला काकांकडे घेऊन आला; काकांनी तेव्हा व्हॅन चालवली हे त्याला आत्याकडून कळलेलं. बाई तिकडची, नाव असलेली, आणि तिला आपल्या देशाच्या इतिहासाचा पुळका आलेला. स्वतःच्या देशाचा इतिहास धड नसला की लोकांना दुसऱ्याचा इतिहास आवडायला लागतो, असं काकूंचं मत. भाचा झाला दुभाष्या. पलंगावर बाई बसल्या, स्टुलावर दुभाष्या, आणि काका मोडक्या खुर्चीत ताठ. बाईंनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

"काय करणार?" काका म्हणाले. "पोरं गाडीत भरलेली होती. नदीपलीकडे नेली आणि सोडली. आयुष्यभर मी पोरंच सोडली हो."

दुभाष्याने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. बाईंनी छातीवर हात ठेवला. मग त्या उठल्या, काकांचे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडल्या. काकू आत चहा गाळत होत्या, त्यांनी डोकावून पाहिलं आणि मनात म्हणाल्या, आता हिला काय झालं? काकांना वाटलं, पोरं गेली म्हणून रडत असेल बिचारी. त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं. बाई आणखी रडल्या.

आता तुमच्या-आमच्या लक्षात येतं. आपण पोरं शाळेत सोडतो, पाहुणे स्टेशनवर सोडतो, म्हातारीला दवाखान्यात सोडतो. ड्रायव्हर जे करतो त्याला सोडणं म्हणतात. पण त्या दुभाष्याला हा शब्द ठाऊक होता तो लहानपणच्या भांडणातला. सोड, सोड माझा हात! त्याच्या लेखी सोडलं म्हणजे सुटका केली. आणि बाईंना तर तेच हवं होतं. एवढ्या मोठ्या अंधारात एक तरी दिवा मिळाला म्हणून ती बाई आनंदाने रडत होती, आणि आमचे काका तिला समजावत होते.

सिनेमात तो दिवा चांगला दोन तास जळतो. तरणाबांड, जबड्याचं हाड दिसणारा नट काका झालाय. तो पुलावर गाडी थांबवतो, खाली उतरतो, मागचं दार उघडतो आणि म्हणतो, "जा पोरांनो." मग पोरं धावत सुटतात, ती पिवळ्या फुलांच्या शेतातून. पोरांचे केस उडतात, कुणीतरी लांब कुठेतरी व्हायोलिन वाजवतं. नदीपलीकडे पिवळी फुलं! तिथे खाणीची धूळ बसून गवत धड उगवत नाही. आणि त्या साली पूलच नव्हता, गाड्या तराफ्यावरून न्यायचे.

काकूंना आणखी एक गोष्ट खुपली. सिनेमातली यच्चयावत माणसं मातकट कपड्यांत. बायका मातकट, पोरं मातकट, लग्नाचा प्रसंग आहे त्यात नवरीसुद्धा मातकट. "त्या साली मोठ्या फुलांच्या छिटाची फॅशन होती," काकू म्हणाल्या. "जांभळ्यावर केशरी! बघवत नव्हती इतकी भडक. मी स्वतः शिवलीत. यांना वाटतं, परक्या देशात इतिहास घडला की तो धुळीच्या रंगातच घडतो. आमच्याकडे रंग विकत मिळत नव्हते की काय?"

पण हे सगळं घरी आल्यावर. थेटरात पहिल्या खेळाला ती सिनेमावाली बाई हजर होती, दुभाष्या होता, पुढच्या रांगेत साहेब लोक होते. पुलाचा प्रसंग आला तसे काका काकूंच्या कानाशी लागले. "अगं, असं कुठे झालं होतं?"

"गप्प बसा," काकू म्हणाल्या. "लोक बघतायत."

एवढं त्या म्हणाल्या, हे इथे सांगितलं पाहिजे. नंतर त्यांनी कितीही तोंड वाजवलं तरी. दिवे लागले, बाईंनी काकांकडे बोट दाखवलं, अख्खं थेटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. काका आधी मागे वळून बघत होते की कुणासाठी चाललंय. मग उभे राहिले. आणि पुढचे काही दिवस काकूंनाही बरं वाटलं, कशाला खोटं बोला. गणवेशाची मापं द्यायला आलेल्या बायका त्यांच्याकडे आदराने बघायला लागल्या. भाजीवाला पुढे बोलावून घ्यायला लागला. ज्या शेजारणीने जिन्यात तोंड फिरवायची सवय लावून घेतली होती, ती आता थांबून म्हणायची, "तुमचे हे म्हणजे देवमाणूस!" बायकोला हे ऐकायला वाईट वाटतं का?

वाईट वाटायला लागलं ते काका स्वतःच विश्वास ठेवायला लागले तेव्हा. आधी ते नुसते "हो, मीच सोडलं" म्हणायचे. जन्मात ज्या माणसाला साधा विनोद समजावून सांगावा लागायचा, त्याला या एका शब्दात लपायची जागा सापडली होती. कुणी विचारावं, "काका, तुम्हीच ना त्या पोरांना सोडलंत?" आणि काकांनी मान हलवावी. खोटं एक अक्षर नाही! पण पुढे पुढे ते मान हलवण्याआधी थोडं थांबायला लागले, त्या नटासारखे. मग त्यांच्या गोष्टीत पूल आला.

"पूल?" काकू मशीन थांबवून म्हणाल्या. "तिथे पूल होता?"

"होता की. लहानसा."

"तुमच्या आठवणीत सरकारने बरंच बांधकाम काढलंय. रस्तारुंदी पण झाली असेल."

काका फुरंगटून आत गेले.

तिकडच्या लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. वरच्या मजल्यावर दुभाष्याच्या आत्याकडे संगणकासमोर काकांना बसवायचे, आणि तिकडचे प्रेक्षक थेटरात बसून त्यांना प्रश्न विचारायचे. काकू एकदा बघायला गेल्या आणि डोकं फिरवून घेऊन आल्या. एकाने विचारलं, त्या काळी तुमच्या देशात डांबरी रस्ते होते का? काका म्हणाले, "मग काय, व्हॅन पाठीवर घेऊन हिंडत होतो?" दुभाष्याने त्याचं काय केलं देव जाणे, पण पलीकडची सगळी माणसं "ओह" करून हळहळली. दुसऱ्या एका बाईने चष्मा काढून, फार मायेने विचारलं, "आता तुमचा देश बरा आहे ना?" एखाद्याचा ताप उतरला का विचारावं तसं. एक छापून आलेलं परीक्षण दुभाष्याने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की हा सिनेमा पाहून कळतं, त्या देशातल्या काळ्या दिवसांतसुद्धा माणुसकी जिवंत होती. "जिवंत होती!" काकू म्हणाल्या. "तिला तेवढी सोडली वाटतं यांनी."

आणि एके दिवशी दुपारी जाहीर झालं की सिनेमाला नॉमिनेशन मिळालं. सगळ्यात मोठ्या परदेशी पारितोषिकासाठी, दुसऱ्या देशांच्या सिनेमांचा तिकडे जो वेगळा कप्पा असतो त्यात. जिन्यात कॅमेरेवाले उभे राहिले. लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात असते, बापाशी एरवी महिन्यातून एकदा बोलायची, आता रोज. "आई, बाबांना स्टेजवर बोलावणारेत! बाई म्हणाल्यात, पारितोषिक मिळालं तर ते बाबांच्या हातात देणार. तू त्यांना नीट कोट शिव हं."

"मी शाळेचे कपडे शिवते," काकू म्हणाल्या. "बाबांना हाफपॅन्ट हवी असेल तर सांग."

"तू ना आई, कधी कुणाचं कौतुक करू नकोस."

काकांनी विकतचा कोट आणला. तो घालून ते आरशासमोर उभे राहायचे आणि कमरेत किंचित वाकायचे. काकू टाके घालता घालता बघायच्या. त्यांना त्या कोटाचा राग नव्हता. पण तिथे, दिव्यांच्या उजेडात, अर्ध्या जगासमोर हा माणूस उभा राहणार आणि म्हणणार, मी सोडलं; मग ते कायमचं होणार. खाणीतली पोरं मग मेलेली पण राहणार नाहीत. ती पिवळ्या फुलांत धावतच राहणार आणि त्यांना मारलं होतं असं म्हणायची सोयच उरणार नाही. हे काकूंना नीट मांडता येत नव्हतं, त्यामुळे त्या सारख्या भांडत होत्या.

"अहो, तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? मी कुठे खोटं बोलतो?"

"कुठे सोडलं ते सांगा की!"

"ते मला कुणी विचारलंय का?" काका म्हणाले. आणि हेही खरंच होतं. जगभरातून प्रश्न आले, डांबरापासून माणुसकीपर्यंत. कुठे, हे कुणी विचारलं नाही.

शेवटी काकू स्वतः वर गेल्या. दुभाष्या खाटेवर लोळत फोनवर बोलत होता. त्यांनी त्याच्या हातातून फोन काढून उशीवर ठेवला.

"काय रे, सोडलं म्हणजे तुला काय समजलं?"

"मोकळं केलं, काकू. सुटका."

"अरे गाढवा! परवा तुझ्या आत्याने तुला स्टेशनवर सोडलं, तेव्हा तुझी सुटका केली का?"

तो हसला. मग हसता हसता थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला काकूंनी पाहिला, आणि त्यांना क्षणभर त्याची कीवही आली.

"बाप रे," तो म्हणाला. आणि उठून त्याने दार लावून घेतलं. "काकू, हे अजून कुणाला बोललात?"

"तुलाच बोलतेय. तू जाऊन तुझ्या बाईला सांग."

"आता कसं सांगू? नॉमिनेशन झालंय. आणि सिनेमात आधीच लिहिलंय की सत्य घटनेवरून सुचलेली गोष्ट. सुचलेली! म्हणजे अगदी तसंच पाहिजे असं नाही."

"पोरं मेली रे."

"मला कळतं ते. पण काकू, तुम्ही तिकडची माणसं जवळून पाहिली नाहीत. त्यांना आपला इतिहास बघायचाय, मनापासून बघायचाय. फक्त त्यात एक भला माणूस लागतो, बोट धरून आत नेणारा. तो नसला की म्हणतात, फार अंधार आहे, आणि उठून जातात."

"आमच्या पोरांना नाही उठून जाता आलं," काकू म्हणाल्या. "दार बाहेरून बंद होतं."

दुभाष्याने उशीवरचा फोन परत उचलला, पण बाईंना सांगेन असं म्हणाला नाही. खाली आल्यावर काकूंनी अर्धा दिवस मशीन असं बडवलं की खालच्या मजल्यावरून माणूस आला.

काका निघायला आठवडा राहिला होता. दुपारी, काका कोट घालूनच बसले होते, कारण संध्याकाळी कुणीतरी फोटो काढायला येणार होतं. दाराशी एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, नीटनेटक्या, हातात कापडी पिशवी. काकूंना वाटलं नातीचं माप असेल. त्यांनी सवयीने काकांना आत जायची खूण केली.

"नाही, मला त्यांनाच भेटायचंय," बाई म्हणाल्या. "मी पलीकडच्या चौकात चष्म्याच्या दुकानात असते. माझा धाकटा भाऊ त्यांच्या गाडीत होता."

काका उभे राहिले, मग बसले. काकूंनी बाईंना पलंगावर बसवलं, पाणी दिलं. बाईंनी पाणी खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला होता की काकूंनी मशीनवरचा गणवेश उगाच हातात घेतला.

"सिनेमा तीनदा पाहिला मी," बाई म्हणाल्या. "पहिल्या वेळी काही दिसलंच नाही, रडण्यात गेलं. मग शांतपणे पाहिला. इतकी वर्षं आम्ही समजत होतो... जाऊ दे ते. मला एवढंच सांगा, कुठे सोडलंत त्याला?"

सबंध जगाने जो प्रश्न टाळला तो चष्म्याच्या दुकानातल्या बाईने पाणी पिण्याआधी विचारला.

काका खाकरले. "पुलापाशी," ते म्हणाले.

"उतरला तो?"

"उतरला की."

"त्याच्या पायाला लागलेलं होतं. आदल्या दिवशी लाठी बसली होती गुडघ्यावर. पळता आलं त्याला?"

"पळाला," काका म्हणाले. त्यांना त्या बाईचा चेहरा तसाच ठेवायचा होता, यात दुष्टपणा काही नव्हता. काका दुष्ट नव्हतेच कधी. "पळाला. सगळ्यांच्या पुढे होता."

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले, परत हसल्या, आणि म्हणाल्या, "गाढव! लंगडत पुढे पळाला असेल. त्याला कधी कुणाच्या मागे राहवायचं नाही." मग त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायला लागल्या. आणि बघता बघता त्यांचं तोंड बदललं.

"म्हणजे जिवंत होता," त्या म्हणाल्या.

काका कोटाची बाही नीट करायला लागले.

"जिवंत होता आणि कळवलं नाही. आईने नंतर कितीतरी वर्षं दाराला आतून कडी लावू दिली नाही. आमच्याकडे दोनदा चोरी झाली, पण नाही म्हणजे नाही. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू यायची नाहीत, तरी दार वाजलं की उठून बसायची. मी लग्न केलं नाही, तिला कोण बघणार म्हणून. आणि हा कुठेतरी मजेत होता? बायकापोरं केली असतील. हलकट! एक ओळ टाकायला काय झालं होतं मेल्याला? मेलास असं समजून आम्ही तुझ्या आठवणी काढत बसलो, आणि तू..." त्यांनी पिशवी मांडीवर आपटली. "बरं झालं आई गेली. तिने हे ऐकायला नको होतं. आता माझ्या दाराशी आला ना, तर दारातूनच हाकलून देईन. थुंकेन त्याच्यावर."

काकूंनी हातातला गणवेश खाली टाकला.

"अहो, सांगा तिला."

"अगं, काय सांगू मी..."

"ती कोणाला शिव्या देतेय ऐकताय ना? सांगा, कुठे सोडलं."

काकांनी कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं. पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. काका परदेशी गेले नाहीत. पारितोषिक मिळालं. ते त्या जबडेवाल्या नटाने घेतलं, आणि बाईंनी सांगितलं की तो थोर ड्रायव्हर प्रकृतीमुळे येऊ शकला नाही, पण त्याचं मन आज इथे आहे. लोक उभे राहून रडले म्हणे. लेकीने बापाशी बरेच दिवस अबोला धरला, आणि दुभाष्या त्या वर्षी सुट्टीत आलाच नाही. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काका जमिनीकडे बघत होते.

"खाणीत," ते म्हणाले. "आतल्या फाटकाशी. शिपाई उभे होते, त्यांच्या ताब्यात दिली आणि गाडी वळवली. पूल नव्हता. कुणी पळालं नाही."

बाईंनी पिशवीचे बंद बोटावरून सोडवले. बोट पांढरं पडलं होतं, ते त्या चोळत राहिल्या. काकूंना वाटलं आता ही ओरडेल, काकांच्या अंगावर जाईल, आणि जावं असंही वाटलं. पण बाईंनी पेला उचलला, सगळं पाणी पिऊन संपवलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि त्याचा पाय?"

"दुखत होता. दोघांनी धरून उतरवला."

"काही बोलला का?"

"उतरताना नाही."

"मग कधी?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत मदत मागणं होतं, पण काकूंच्या अंगात आलेलं होतं. "बोला," त्या म्हणाल्या. "आता लपवू नका काही."

"वाटेत," काका म्हणाले. "रस्ता खराब होता, खड्डे होते. मागून जाळीतून कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हरदादा, जरा हळू घ्या, पाय आपटतोय. तोच असणार. दुसऱ्या कुणाचा पाय नव्हता तसा."

"हो," बाई म्हणाल्या. "तोच. मग? घेतलीत का हळू?"

"नाही."

"का?"

"उशीर होत होता. सहाच्या खेळाला जायचं होतं. हिने तिकिटं काढून ठेवली होती, उशीर केलात तर बघा म्हणाली होती."

बाईंनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकूंना तेव्हाचा तो सिनेमा आठवला. विनोदी होता. दोघं पोट धरून हसली होती.